वाळूवरची वाट आणि पंचांगातील वेळ
माघी चतुर्थीला समुद्रकाठाने देवदर्शनास जाणाऱ्यांसाठी

उल्हास नदीच्या काठी, शहाडच्या विठ्ठलमंदिराच्या परिसरात आमचे आयुष्य गेले. या मंदिराला लोक बिर्ला मंदिर म्हणून ओळखतात. एकादशीला तेथे उसळणारी गर्दी आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. कथाकीर्तनाच्या निमित्ताने कोकणपट्टीतील कितीतरी गावांचे पाणी प्यालो. आमची नदी कल्याणला दुर्गाडीच्या किल्ल्याखाली खाडीला मिळते आणि पुढे वसईच्या खाडीतून समुद्रात शिरते. त्यामुळे आम्हा शहाडकरांचे समुद्राशी नाते नदीच्या मार्फतचे. डोळ्यांपुढे समुद्र नाही, तरी खाडीचे पाणी दिवसातून दोन वेळा चढते आणि दोन वेळा उतरते, हे कल्याणकरांना ठाऊक असते. का चढते आणि केव्हा चढते, हे मात्र विचारू नये! आम्हीही एके काळी त्याच अज्ञानात होतो. त्या अज्ञानाची कथा आज माघी गणेशजयंतीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

'वेला' शब्दाचा महिमा

कीर्तनात आधी पूर्वरंग, मग आख्यान. तोच क्रम येथे ठेवू.

संस्कृतात 'वेला' असा एक शब्द आहे. अमरकोशकाराने त्याचे तीन अर्थ एकत्र सांगितले आहेत: समुद्राच्या पाण्याचे चढणे-उतरणे, काल आणि मर्यादा. समुद्राचा काठ या अर्थानेही काव्यांतून हा शब्द सर्रास येतो. आपल्या मराठीतील 'वेळ' याच शब्दापासून आला. आपण त्यातील कालाचा अर्थ तेवढा राखला आणि समुद्र विसरलो. गोमंतकातील कोंकणी बोलणारे लोक मात्र वाळूच्या किनाऱ्याला आजही 'वेळ' म्हणतात. किनारा, भरती, समय आणि मर्यादा या चार गोष्टींना एकच शब्द लावणाऱ्या आपल्या पूर्वजांनी समुद्र दुरून पाहिलेला नव्हता. त्याच्या काठाने ते चालले असले पाहिजेत.

डोंगरातील पायवाट सकाळी असते, दुपारी असते, रात्रीही असते. वाळूवरची वाट तशी नाही. ती दिवसातून दोनदा उघडते आणि दोनदा मिटते. सपाट किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पाणी दूर जाते, मागे दमट आणि घट्ट वाळूचा पट्टा राहतो आणि त्यावरून अनवाणी माणूस सडकेपेक्षा सुखाने चालतो. सहा तासांनी त्याच ठिकाणी पुरुषभर पाणी असते. म्हणून या वाटेचा नकाशा जितका जागेचा, तितकाच काळाचाही असतो. तो कोठे छापलेला आहे म्हणाल, तर आपल्या घरातील पंचांगात!

तिथी म्हणजे काय? चंद्र आणि सूर्य यांच्यामधील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी होते. आकाशाचे ३६० अंश चोवीस तासांत फिरतात, म्हणजे बारा अंशांना ४८ मिनिटे लागतात. चोवीस मिनिटांची एक घटिका, दोन घटिकांचा एक मुहूर्त. तेव्हा प्रत्येक तिथीला चंद्र सूर्याच्या मागे सुमारे एक मुहूर्ताने पडतो. आणि समुद्र चंद्राच्या मागोमाग जात असल्यामुळे भरतीही रोज सुमारे तेवढीच पुढे सरकते. अमावास्येला आणि पौर्णिमेला आपल्या मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास भरती असते. तेथून मोजीत चला.

कोकणात याचा सोपा हिशेब परंपरेने चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. चतुर्दशीला साडेदहा. हा आकडा दिवसाला आणि रात्रीला दोन्हीकडे लागतो, शुद्ध पक्षाला आणि वद्य पक्षालाही लागतो. त्यात सहा तास मिळविले अथवा वजा केले की ओहोटीची वेळ निघते. हिशेब ढोबळ आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. परंतु शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसालाही तो बोटांवर करता येतो.

आता आख्यानाकडे वळू.

चतुर्थीने आम्हाला शिकविलेला धडा

अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे. शिवछत्रपतींच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १६८० मध्ये, त्याच्या बांधणीस आरंभ झाला. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ते प्रमुख ठाणे झाले. किल्ल्याच्या तटाचे अजस्र दगड चुन्यावाचून नुसते एकावर एक रचले आहेत, म्हणून लाटेचे पाणी सांध्यांत शिरते आणि तिचा जोर ओसरतो. आत सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. ते रघुजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधले. गणपतीसह पंचायतन एकाच गाभाऱ्यात नांदते आणि खाऱ्या पाण्याने वेढलेल्या त्या बेटावर गोड्या पाण्याचा साठाही आहे. ओहोटीला किनाऱ्यावरून या किल्ल्यात पायी जाता येते. भरतीला होडीवाचून गत्यंतर नाही. माघ शुद्ध चतुर्थीला येथे गणेशजन्माचा उत्सव होतो आणि भाविक वाळू तुडवीत दर्शनाला जातात.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, ऐन पंचविशीत, आम्हास या उत्सवात जन्माच्या कीर्तनाची सेवा मिळाली. सकाळी आठ वाजता पेटीवाले आणि तबलजी यांच्यासह आम्ही किनाऱ्यावरून निघालो. पाणी केव्हाच मागे गेले होते. सूर्य पाठीशी, समोर किल्ला, पायाखाली गार वाळू, मधूनमधून घोट्याएवढी डबकी. वाट इतकी सोपी होती, की समुद्राच्या तळावरून आपण चालत आहोत हे मनातही आले नाही.

कीर्तन रंगले. चतुर्थी तिथीचे माहात्म्य आम्ही मोठ्या आवेशाने सांगितले. तिथींत चतुर्थीच गणेशाला प्रिय का, माघातील हिला तिलकुंद चतुर्थी का म्हणतात, जन्म मध्यान्हीच का, असे सर्व काही. बाराच्या पुढे जन्म झाला, गुलाल उधळला, तिळाच्या लाडवाचा प्रसाद घेतला. त्याच दिवशी संध्याकाळी जवळच्या एका गावी आमचे दुसरे कीर्तन ठरलेले होते. एकच्या सुमारास पेटी डोक्यावर घेऊन आम्ही लगबगीने दरवाजाबाहेर आलो आणि उभेच राहिलो. सकाळची वाट तेथे नव्हती. किनारा आणि किल्ला यांच्यामध्ये समुद्र पसरला होता. होडी त्या वेळी मिळण्याजोगी नव्हती.

दरवाजापाशी पाणी गुडघाभर दिसत होते. तबलजी म्हणाले, "इतकेच आहे, धोतर खोचून जाऊ." आम्ही दोन पावले टाकलीही. तेवढ्यात मागून एका वृद्ध कोळी गृहस्थांनी हाक मारली.

"बुवा, मघाशी कीर्तनात तुम्हीच सांगितलंत ना, आज चौथ म्हणून?"

"होय."

"मग चौथीला पाणी किती वाजता भरतं?"

आम्ही निरुत्तर झालो. चतुर्थीवर दोन घटका अस्खलित बोलणाऱ्या पंडिताला तिचा हा साधा अर्थ सांगता येईना. म्हाताऱ्याने हाताची बोटे पुढे केली. "चार त्रिक बारा. बाराचा चौथा वाटा तीन. तीनला पुरी भरती. आता वाजलाय एक. पाणी अजून चढायचंय. कडेला गुडघाभर दिसतंय, पण मध्ये नाळ आहे. तिथं तुमची पेटी काय, शेंडीसुद्धा दिसायची नाही. बसा आत. सात वाजू द्या."

आम्ही बसलो. तीन वाजता तटाच्या पायथ्याशी लाटा आदळू लागल्या तेव्हा अंगावर काटा आला. सातनंतर पाणी उतरले. पश्चिमेला चतुर्थीची चंद्रकोर होती. तिच्या आणि कंदिलाच्या उजेडात त्याच गृहस्थांनी आम्हाला नाळ टाळून पैलतीराला आणून सोडले. दुसऱ्या गावचे श्रोते देवळात वाट पाहून घरी गेले होते. त्या दिवशी एका देवाची सेवा घडली, एका देवाची चुकली. दुसऱ्या दिवशी त्या गावी जाऊन आम्ही क्षमा मागितली.

पुष्कळ दिवस आम्हास वाटत होते, की त्या सत्पुरुषाने आमचे प्राण वाचविले. मागाहून कळले, की त्याहून मोठे काही त्याने दिले. तिथी हा शब्द आम्ही उपवासापुरता आणि मुहूर्तापुरता वापरीत होतो. त्याने तिच्यातला समुद्र दाखविला.

विचार करा: चतुर्थीला ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास आणि भरती दुपारी तीनला. जन्म मध्यान्हीचा. म्हणजे जो भाविक पायी येऊन जन्म पाहील, तो संध्याकाळपर्यंत बाप्पाच्याच घरी राहील! दर वर्षी माघी चतुर्थीला हेच होणार, कारण तिथी तीच आणि चंद्र तोच. दर्शन घेऊन लगेच परतावयाचे असेल, तर सकाळी दहाच्या आत किल्ला सोडावा. नाहीतर शिदोरी घेऊन जावे आणि निवांत बसावे.

सपाट वाळूचा फसवेपणा

सपाट किनारा पाहून माणूस निर्धास्त होतो. धोका नेमका त्या सपाटीतच आहे. समजा, वाळूला शंभर हातांमागे एक हात उतार आहे. मग पाण्याची पातळी एक हात वाढली, की लाटेची कड शंभर हात पुढे येते. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत सुमारे चार मीटरांचे अंतर पडते. शिवाय हे पाणी सहा तास एकाच गतीने चढत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासाला ते हळू असते. मधल्या दोन तासांत एकूण चढाचा जवळजवळ अर्धा भाग पुरा होतो. आणि समोरून येण्याआधी ते सखल नाळांतून बाजूने शिरते. चालणारा समुद्राकडे तोंड करून उभा असतो आणि पाणी त्याच्या पाठीमागे आलेले असते.

आणखी एक गोष्ट. अष्टमीच्या आसपासच्या दिवसांना कोकणात भांगाचे दिवस म्हणतात. त्या दिवसांत भरती थोडी आणि ओहोटीही थोडी. पाणी पुरते हटतच नाही, म्हणून कुलाब्यासारख्या ठिकाणी पायी जाण्यास ते दिवस वाईट. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात वाट सर्वांत रुंद उघडते आणि तितक्याच झपाट्याने मिटतेही. पावसाळ्यात तर कोणत्याही तिथीला ही वाट धरू नये.

चालण्याजोग्या काही वाटा

आमच्या कल्याण-शहाडच्या वाचकांस जवळचा वाळूचा किनारा वसईचा. लोकलने कोपरला उतरून दिवा-वसई मार्गाची गाडी धरली की वसई गाठता येते. सुरुची बागेपासून उत्तरेस भुईगाव, कळंब, राजोडी, नवापूर आणि अर्नाळा असा हा किनारा पसरला आहे. मधूनमधून लहान खाड्यांची मुखे आडवी येतात. तेथे पाण्यात न शिरता गावातून वळसा घ्यावा. हा भाग पूर्वी आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात गेला. ही भूमी पुराणप्रसिद्ध शूर्पारकाची, आजच्या सोपाऱ्याची. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरून काढला. अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा सोपाऱ्यास मिळाला, तर नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये याच किनाऱ्यावरील भुईगावी सापडला. जवळच निर्मळ येथे शंकराचार्यांचे समाधिमंदिर आहे आणि कार्तिक वद्य एकादशीपासून तेथे मोठी यात्रा भरते. एकादशीची भरती सव्वाआठला, म्हणजे ओहोटी दुपारी दोनच्या पुढे. सकाळी दर्शन घ्यावे आणि दुपारी कळंबच्या वाळूवर उतरावे, असा योग त्या तिथीने आपणहून जुळवून ठेविला आहे.

दुसरी वाट अलिबागच्या दक्षिणेची. आक्षीपासून नागाव आणि तेथून रेवदंडा असा नारळी-पोफळीच्या वाड्यांना लागून जाणारा पट्टा आहे. आक्षीचा शिलालेख मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्यावरील शक ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असे वाचन मान्य केल्यास तो मराठीतील अतिप्राचीन लेखांपैकी ठरतो. काही विद्वान हा शक निराळा वाचतात. अशा दानलेखांवर चंद्र आणि सूर्य कोरण्याची रीत होती. चंद्रसूर्य असेपर्यंत हे दान चालावे, असा त्याचा भाव. समुद्राची भरतीही चंद्रसूर्यच चालवितात, हे ध्यानात घेतले म्हणजे किनाऱ्यावरच्या गावातील हा लेख अधिकच अर्थपूर्ण वाटतो.

तिसरी वाट उत्तरेची, डहाणूपासून नरपड, चिखले, घोलवड या गावांवरून बोर्डीपर्यंत. बोर्डीचा किनारा इतका सपाट, की ओहोटीला पाणी पार दूर जाते. वर सांगितलेला शंभर हातांचा हिशेब तेथे विशेष ध्यानात ठेवावा.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा वाळूची नाही, खडकाची आहे; परंतु नियम तोच. डोंगराला वळसा घालून ती वाट समुद्राच्या खडकांवर उतरते. ओहोटीलाच ती करावयाची असते. भरतीच्या लाटेने तेथे माणसे ओढून नेली आहेत. देवाची प्रदक्षिणा पुरी करण्याच्या हट्टाने समुद्राची मर्यादा मोडू नये. तीही देवाचीच आहे.

किनारा कोणाचा?

परशुरामाने समुद्राला मागे हटवून कोकणभूमी मिळविली, ही कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली आहे. चालता चालता आम्हास तिचा एक अर्थ सुचला, तो असा. समुद्राने भूमी दिली. पण भरती आणि ओहोटी यांच्यामधला पट्टा त्याने पुरता दिला नाही. तो दिवसातून दोनदा परत घेतो. जी भूमी परशुरामालाही पुरती मिळाली नाही, तिच्यावर इतर कोणी मालकी कशी सांगावी? दूरच्या रोमन साम्राज्यात जस्टिनियन बादशहाच्या ५३३ मधील विधिग्रंथातही हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा काठ या गोष्टी सर्वांच्या समाईक म्हणून सांगितल्या आहेत. आपल्याकडे १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून या पट्ट्याला कायद्याचे विशेष संरक्षण आहे. तरीही वाळू उपसली जाते, वाळूत मोटारी घातल्या जातात, सुरूची बने विरळ होतात, कोठे कुंपण पुढे सरकते. वाळू गेली की वाट गेली. आणि वाट गेली की पायी दर्शनाची रीतही गेली.

तितकीच दुसरी एक गोष्ट हातची जात आहे. बोटांवर भरती मोजणारी माणसे कमी होत चालली आहेत. भरतीची कोष्टके भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी छापतो आणि आता ती हातातल्या फोनवरही दिसतात. ती अवश्य पाहावीत; आमच्या पाऊणपटीपेक्षा ती अचूक असतात. आणि ही पाऊणपट सर्वत्र लागूही पडत नाही. खंभातच्या आखातात भरतीचे घड्याळ निराळे. तेथे भावनगरजवळ कोळियाकच्या निष्कलंक महादेवाला भाविक ओहोटीलाच वाळूतून चालत जातात आणि तेथला हिशेब तेथल्याच लोकांना विचारावा लागतो. परंतु नाळ कोठे आहे, गेल्या पावसाळ्यानंतर ती कोणीकडे सरकली, हे कोष्टक सांगत नाही. ते त्या गावचा माणूस सांगतो.

इंग्लंडच्या उत्तरेस लिंडिसफार्न नावाचे पवित्र बेट आहे. तेथील यात्रेकरूही ओहोटीला वाळूतून जातात. त्यांच्या वाटेवर ठिकठिकाणी खांब रोविलेले आहेत आणि पाण्यात सापडलेल्यासाठी उंच मचाणे उभारलेली आहेत. आपल्या उत्सवांच्या व्यवस्थापकांस आमचे नम्र सुचविणे आहे, की निमंत्रणपत्रिकेत आरती, जन्मकाल आणि महाप्रसाद यांच्या वेळा छापता, तशी त्यांच्याखाली ओहोटीची आणि परतण्याची वेळही छापावी. एका ओळीचा खर्च आहे.

आम्ही स्वतः तेव्हापासून एक नेम केला आहे. समुद्रकाठच्या गावी कीर्तन असले, की आरतीनंतर, प्रसादापूर्वी, आम्ही श्रोत्यांना विचारतो, "आज तिथी कोणती?" उत्तर येते. मग विचारतो, "पाणी किती वाजता भरणार?" पहिल्या वर्षी बहुधा वृद्धच उत्तर देतात. दुसऱ्या वर्षी त्याच गावी गेलो, की मुले बोटे मोजू लागलेली असतात. कीर्तनातील पदे ती कदाचित विसरतील, परंतु चाराची पाऊणपट तीन हे विसरणार नाहीत.

भाविकहो, या माघी चतुर्थीला कुलाब्यास जाणार असाल, तर सातला किनाऱ्यावर या, पाणी उतरताना निघा, गावच्या माणसाला विचारून पाऊल टाका. आणि जन्माला थांबणार असाल, तर परतीची घाई घरी ठेवून या. सातपर्यंत समुद्र वाट देणार नाही. आणि सिद्धिविनायकाच्या ओसरीवर बसून भरती पाहण्यासारखा दुसरा जागर आम्हास ठाऊक नाही.